तिच्या आजाराचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवर मला आजवर बोलावणं आलं ते कविता वाचायला. आज कवितेची वही घरी ठेवून दुसरीच एक वही घेऊन आलो आहे. शंभर पानी, शाळकरी मुलांची असते तशी. तिच्यात कवितेची एकही ओळ नाही. तारीख, वेळ आणि आकडे आहेत. सकाळी आठ वाजता ९० मिलिलिटर, रात्री आठ वाजता ७० मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी ८०, मग ६५. माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जखमेजवळ एक नळी बसवली होती. तिच्यातून बाटलीत जो स्राव जमा व्हायचा, त्याचा हा हिशेब. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मी जे काही लिहिलं, त्यात सगळ्यात उपयोगाचं लिखाण हेच, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

हे भाषण करण्याआधी मी तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "मेरा नाम मत लेना. बीमारी का नाम जरूर लेना." तेव्हा तिच्या सांगण्याप्रमाणे आधी नाव घेतो. स्तनाचा कर्करोग. ब्रेस्ट कॅन्सर. हा शब्द चारचौघांत उच्चारायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांची ही हकिकत आहे.

आम्ही नाशिक रोडचे. घरात जी बोली बोलतो ती दखनी, हिंदी आणि मराठीची मिसळ. कामावर, बाजारात आणि कवितेत मराठी. दोन-दोन भाषा जवळ असलेल्या माणसाला शब्दांचा तोटा पडू नये. पण या एका अवयवासाठी आमच्या घरात शब्दच नव्हता. कवितेत होता. तिथं तो सौंदर्याचा, संस्कृत वळणाचा शब्द. घरात मात्र 'सीना' किंवा 'छाती'. छातीत कफ झाला तरी छाती, छातीत कळ आली तरी छाती. बाईला त्या ठिकाणी काही वेगळं जाणवलं, तर ते तिनं कोणत्या शब्दांत सांगावं? आणि कुणाला?

२०१८ साली आंघोळ करताना माझ्या पत्नीच्या हाताला गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, असं तिनं धरलं. पुष्कळ बायका असंच धरतात. या आजाराची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. त्यात भाचीचं लग्न आलं, मग रमजान आला, मग ईद. ईद झाल्यावर पाहू, असं करत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी तीन कविसंमेलनांना जाऊन आलो. एका ठिकाणी स्त्रीच्या सोसण्यावरची कविता वाचली आणि टाळ्याही घेतल्या. घरात माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं आहे, याचा मला पत्ता नव्हता.

शेवटी तिनं मुलीला सांगितलं. मुलीनं मला सांगितलं, तेही दाराकडे बघत. "अब्बा, अम्मीला डॉक्टरकडे न्यायचंय. लेडी डॉक्टरकडे." मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "गाठ आहे." कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिघांनाही कळलं होतं.

नाशिक रोडच्याच एका डॉक्टरबाईंनी हातानं तपासलं, मॅमोग्राफी करायला सांगितली आणि मग सुई घालून गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यालाच बायोप्सी म्हणतात. हातानं तपासणी, मग चित्र, मग सुई, अशा तीन पायऱ्या असतात. सुई टोचली की आजार पसरतो, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. आमच्याही घरात एका वडीलधाऱ्यांनी तो बोलून दाखवला. डॉक्टरबाईंनी तो समज खोटा असल्याचं शांतपणे समजावलं. सुईशिवाय निदान नाही, आणि निदानाशिवाय उपचार नाहीत.

रिपोर्ट आला. मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "एक छोटंसं गाठीचं ऑपरेशन आहे." कामावर सांगितलं, "पोटाचं आहे." हो, पोटाचं! पन्नाशीकडे झुकलेला, मराठीत बी. ए. झालेला, शब्दांवर जगणारा माणूस बायकोच्या आजाराचा पत्ता बदलून सांगत होता.

आम्ही मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं ठरवलं. नाशिक रोडच्या लोकांना पंचवटी एक्सप्रेस काय आहे, हे सांगायला नको. सकाळी सातच्या सुमारास गाडीत बसायचं, साडेदहाच्या आसपास दादरला उतरायचं, संध्याकाळच्या पंचवटीनं परत. त्या गाडीत नोकरदारांच्या गप्पा आणि पत्त्यांचे डाव चालतात, आणि त्यांच्याच मधल्या बाकांवर मांडीवर जाडजूड फाइल धरून बसलेली माणसं असतात. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होतो. आता मी त्यांच्यातला झालो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत देते. दुसऱ्या वर्गाला आणि वातानुकूलित चेअर कारला ७५ टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी रुग्णालयाकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. तुम्हाला पहिल्याच फेरीला कळावं म्हणून सांगतो.

त्या रुग्णालयाची हकिकत मी रांगेत बसल्या बसल्या पुन्हा आठवत होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. उपचारांसाठी त्यांना विलायतेत ठेवलं होतं. पैशाला कमी नव्हती, तरी उपयोग झाला नाही. असे उपचार आपल्या देशात व्हावेत, ही दोराबजींची इच्छा. पण पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, तेही गेले. पुढच्या माणसांनी काम नेटानं चालू ठेवलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. देशभरातून जिथं माणसं येतात, त्या इमारतीच्या मुळाशी एका नवऱ्याचं दुःख आहे. माझ्याकडे टाटांची संपत्ती नव्हती. माझ्यापुढे प्रश्न साधा होता, नवरा म्हणून मी काय करायचं? आणि मला वाटत होतं, ते मला ठाऊक आहे. धीर द्यायचा. हिंमत ठेवायला सांगायची. खर्च भागवायचा. तिला रडू द्यायचं नाही.

पहिली चूक डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्हाला या शस्त्रक्रियेबद्दल काय वाटतं? काही शंका आहे का?" तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काढून टाका डॉक्टर. सगळं काढा. जीव वाचला पाहिजे, बाकी काही नको." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा तिला विचारला.

पूर्वी सगळं काढणं हाच एक मार्ग होता. अमेरिकेत हालस्टेड नावाच्या शल्यविशारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी पद्धत घालून दिली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. पाऊणशे वर्षं जगभर तेच चाललं. मग इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या दोघांनी १९७० च्या दशकात प्रयोग सुरू केले. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून वर शेक, म्हणजे रेडिएशन दिलं. २००२ साली वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या बायकांचं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे गाठ लहान असताना कळली, तर बऱ्याच जणींचा स्तन वाचवता येतो आणि त्यासाठी आयुष्य पणाला लावावं लागत नाही. मी जे "सगळं काढा" म्हणालो, त्याला मी प्रेम समजत होतो. ती माझी घाबरगुंडी होती. पुढे माझ्या पत्नीच्या बाबतीत पूर्ण स्तन काढावा लागला, कारण गाठ दोन ठिकाणी होती. पण तो निर्णय डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावला, तिनं दोन प्रश्न विचारले आणि मग मान हलवली. चार महिन्यांच्या उशिरानं किती फरक पडला, हे विचारायचं धैर्य मला आजतागायत झालेलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बसलो होतो. माणूस अशा वेळी काहीबाही आठवतो. मला कॉलेजात वाचलेली फॅनी बर्नी ही इंग्रजी कादंबरीकार आठवली. १८११ साली पॅरिसमध्ये तिच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची सोय तेव्हा तिथं नव्हती. आपल्या नवऱ्याला हे बघावं लागू नये म्हणून त्या दिवशी तो कामात अडकून राहील, अशी व्यवस्था तिनंच केली होती. पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिनं ते सगळं सोसणं लिहून ठेवलं. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. बाकावर बसून मला वाटलं, बघा, दोनशे वर्षांपूर्वी बायकोनं नवऱ्याला दूर ठेवलं होतं, आणि मी इथं दारात बसून आहे. स्वतःवर जरा खूषच झालो. ही खुषी फार तर तीन दिवस टिकली.

पट्टी उघडायचा दिवस आला. सिस्टर ट्रॉली घेऊन आल्या. पडदा ओढताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही थांबताय ना?" मी म्हणालो, "मी जरा चहा घेऊन येतो." आणि गेलो.

चहा काही इतका दूर नव्हता. मी रस्ता ओलांडला, दोन कप चहा प्यायलो, वर्तमानपत्र चाळलं. अर्ध्या तासानं परतलो तेव्हा नवी पट्टी झाली होती. मुलगी तिच्या उशाशी उभी होती. पत्नी म्हणाली, "चाय पी ली?" एवढंच. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्या वतीनं मलाच माफ करून टाकलं होतं, की पुरुषमाणसाला हे जमत नाही. फॅनी बर्नीच्या नवऱ्याला निदान ठाऊक तरी नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी पळालो होतो.

नळी बसवलेली असताना लगेच नाशिकला जाणं नको, म्हणून काही दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी ती धर्मशाळा मोठाच आधार आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदनही असंच काम करतं. धर्मशाळेत आमच्या शेजारी मराठवाड्यातलं एक शेतकरी जोडपं होतं. त्या बाईंचीही हीच शस्त्रक्रिया झाली होती. तो गृहस्थ सकाळी उठला की साबणानं हात धुवायचा, बायकोची बाटली मापात ओतायचा, आकडा बघायचा आणि कोळशाच्या तुकड्यासारख्या झालेल्या पेन्सिलीनं कागदावर लिहायचा. मग नळी जिथं आत जाते ती जागा वाकून बघायचा, लाल झाली आहे का, ओलसर आहे का. आमच्याकडे हे काम मुलगी करत होती.

दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षेसाठी नाशिकला परतायचं होतं. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "भाऊ, उद्या सकाळी तुमच्या मंडळींना जरा आमच्या घरच्यांची बाटली बघायला सांगाल का?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "का हो? तुमचे हात दुखतात का?" मी काहीतरी पुटपुटलो, की जखम बघवत नाही. ते म्हणाले, "बैलाची जखम धुताना तोंड फिरवून चालतं का? किडे पडतील ना." आणि मला नळी कशी दाबायची, बाटलीतली हवा काढून ती परत कशी लावायची, ते करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुतले. तिला म्हणालो, "मी बघतो." तिनं ओढणी घट्ट धरली. "रहने दो. वो भाभी करेंगी." मी म्हणालो, "नाही, मीच." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तिनं हात सोडला. पट्टीच्या बाजूनं मी पाहिलं. नळी, तिला धरून ठेवणारा एक टाका, थोडं सुकलेलं रक्त. बाटलीत ९० मिलिलिटर. मी वहीत पहिला आकडा लिहिला. काही दिवसांनी टाके निघाले आणि पूर्ण जखम पाहिली. भीती होती तसं काही नव्हतं. एक आडवी रेघ होती, सपाट जागेवर. त्या रेघेला मी कशाचीही उपमा देणार नाही. तिला उपमेची गरज नव्हती, तिला रोज बघितलं जायची गरज होती.

एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण धीर देणारे पुष्कळ भेटतात, या गोष्टी सांगणारे कमी. स्राव रोज मोजून लिहून ठेवा. तो पुरेसा कमी झाला की डॉक्टर नळी काढतात. तुमची वही पाहूनच ते ठरवतात. स्राव अचानक वाढला, लाल झाला, ताप आला, जखम गरम लागली, तर लगेच कळवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. त्या हातावर जखम, भाजणं होऊ नये म्हणून जपायचं, जड पिशव्या आपण उचलायच्या. पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम रोज करायचा, नाहीतर खांदा आखडतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मुलं लहान असताना त्यांची उंची तिथं मोजायचो. त्याच भिंतीवर तिनं बोटं चढवायची, जिथपर्यंत पोचतील तिथं मी रेघ मारायची आणि तारीख घालायची. पहिल्या दिवशी बोटं मुलीच्या पहिलीतल्या उंचीपर्यंतच पोचली. ती हसली आणि म्हणाली, "पहली में आ गई." दहावीच्या रेघेपर्यंत यायला सव्वा महिना लागला. घराला रंग दिला तेव्हा तेवढी भिंत आम्ही सोडून दिली.

पुढे केमो झाली, शेक झाले. केस गेले, परत आले. गाठीच्या तपासणीत हार्मोनचे रिसेप्टर सापडले तर पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. ती तिची चालू आहे. खर्चाचं म्हणाल, तर राज्य शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक हे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जा. दागिना नंतर मोडता येतो.

आता जरा नाजूक गोष्ट. घरी आल्यावर कित्येक महिने ती दार लावून कपडे बदलायची. झोपताना भिंतीकडे तोंड करायची. बघायला येणाऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघून बोलायच्या आणि नजर मात्र खाली घसरायची. एका रात्री तिनं अंधारात विचारलं, "सच बताओ, अब मैं कैसी लगती हूं?" कवीला याहून सोपा प्रश्न कुठला? माझ्या डोळ्यांपुढे दहा ओळी येऊन उभ्या राहिल्या. मी त्या गिळल्या आणि जे रोज पाहत होतो ते सांगितलं. रेघ आता फिकट झाली आहे. काखेच्या बाजूला थोडी ओढल्यासारखी दिसते. खांदा पूर्वीपेक्षा सरळ राहतो. मुलीनं शिवून दिलेलं कापडी पॅड पिवळ्या कुर्त्यात नीट बसतं, हिरव्यात बसत नाही. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "हरा मुझे भी ठीक नहीं लगता था." त्या रात्री ती माझ्याकडे तोंड करून झोपली. आपण खरंच बघितलं आहे, हे तिला त्यावरून कळलं असावं.

नवऱ्यांबद्दलही दोन शब्द. डेन्मार्कमधल्या अभ्यासकांनी २०१० साली एक निष्कर्ष मांडला. ज्यांच्या जोडीदारणीला स्तनाचा कर्करोग झाला, अशा वीस हजारांहून जास्त पुरुषांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नैराश्यासारख्या मनाच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर पुरुषांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे जो "मी ठीक आहे, तिचं बघा" म्हणतो, तो ठीक नसतो. केमोच्या दिवसांत माझी झोप गेली. एका संध्याकाळी एका मित्रानं मला दसकला गोदावरीच्या काठावर नेलं आणि काही न विचारता तासभर बसवून ठेवलं. तिथं मी पहिल्यांदा रडलो. तोवर घरात कुणाला रडू द्यायचं नाही, हे माझं धोरण होतं. त्या दिवशी घरी गेलो आणि तिला सांगितलं, "मी रडून आलो." ती म्हणाली, "मग मीही जरा रडू का?" दोघांनी मिळून ते काम उरकलं आणि खिचडी खाल्ली.

त्यानंतर काही दिवसांनी नाशिक रोड स्टेशनवर पंचवटीची वाट पाहत उभे होतो. ती बाकावर बसली होती. ओळखीचे एक गृहस्थ जवळ आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाभींचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणे. आता कसं आहे?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. म्हणालो, "पोटाचं नाही. स्तनाचा कर्करोग होता. स्तन काढला. आता बरी आहे." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चुकलंच. गाडीची घोषणा झाली, तसे ते पुन्हा जवळ आले. म्हणाले, "आमच्या घरीपण काहीतरी आहे हो. दोन महिने झाले. ती म्हणते दुखत नाही." मी तिथंच खिशातल्या तिकिटाच्या मागं डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला. त्यांच्या पत्नीची गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

मी पोटाचं ऑपरेशन सांगत राहिलो असतो, तर त्यांनी मला विचारलं नसतं. आजाराचं नाव घेण्याचा उपयोग असा असतो. १९७४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती लपवली नाही. त्यानंतर अमेरिकेत इतक्या बायका तपासायला गेल्या की नव्यानं निदान होणाऱ्यांचा आकडा एकदम वर गेला. आपल्याकडे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. दीड लाखांवर बायका त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकडून एका गटातल्या बायकांची दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करून घेतली. मशीन नाही, फक्त शिकवलेले हात. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. आणि आपल्या देशात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि ९८ हजारांवर बायका त्यानं गेल्या. यातल्या किती जणी ईद झाल्यावर पाहू, दिवाळी झाल्यावर पाहू, म्हणत थांबल्या असतील?

श्रोतेहो, नवऱ्यानं धीर द्यावा, पैसा उभा करावा, हे खरंच. पण त्याच्या आधी त्यानं घरात तो शब्द येऊ द्यावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसमोरही येऊ द्यावा, कारण पुढे कधी तिलाही सांगावं लागलं तर दाराकडे बघत सांगावं लागू नये. आणि पट्टी उघडायची वेळ आली की चहाला जाऊ नये. चहा नंतरही मिळतो.

तिची सहामाही तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. पंचवटीची तिकिटं काढून झाली आहेत. हे भाषण घरी ती ऐकत असेलच. तिच्या सांगण्याप्रमाणे मी तिचं नाव घेतलेलं नाही.